मातामायला वाजतगाजत नेलं

२८ मार्च २०१३

होळी काल झाली. टोल्यातले, म्हणजे गावाबाहेरच्या आमच्या वस्तीतले, पुरुष अजून डोळे चोळताहेत, आणि सकाळी सकाळी वनरक्षक येऊन आमच्या धानाच्या बांधीत चुन्याची रेघ ओढून गेला. कशाची रेघ, विचारलं तर म्हणाला, "रोपवनाची." जिथे माझ्या आजेसासऱ्यांनी धान रोवला तिथे आता साग लावणार म्हणे. मी म्हटलं, सागाचा भात करून खाता का? तो हसला आणि सायकलवर बसून गेला. चांगला पोरगा आहे, त्याला तरी काय बोलायचं.

वाद जुनाच आहे. तलाठ्याच्या कागदात मोहटोल्याची जमीन झुडपी जंगल आहे. जंगलवाल्यांच्या नकाशात तीच राखीव जंगल आहे. आमच्या लेखी ती आमची घरं, आमच्या बांध्या, आणि आजेसासऱ्यांनी खोदलेली बोडी, जिच्या पाण्यावर सगळ्या टोल्याचा धान पिकतो. वनहक्क कायदा आला तेव्हा ग्रामसभेने आमचे दावे मंजूर करून तालुक्याच्या समितीकडे पाठवले. ते तिथे निजले आहेत. आम्ही आदिवासी नाही, म्हणून आमच्याकडे तीन पिढ्यांचा पुरावा मागतात. पुरावा म्हणजे आमचे मामाजी, माझे सासरे टिकाराम. दिवसभर खाटेवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची फिरकी घेणारा असा पुरावा दुसऱ्या कुठल्या गावाकडे नसेल.

मी वनहक्क समितीची सचिव. टोल्यात दहावी झालेली सून मी एकटी, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. तिथे ठराव लिहिते. इथे मनातलं लिहिते.

४ एप्रिल

दादा आला होता. बाबूलालदादा माझा एकुलता एक भाऊ, नाकाडोंगरीला राहतो, ट्रॅक्टर आहे, चार लोकांत उठबस आहे. जंगलवाल्यांच्या रेंज ऑफिसातही त्याच्याशिवाय पान हलत नाही. आपलं माणूस तिथे असलं की बरं असतं.

दादाने बातमी आणली. रोपवनाचे खड्डे खोदायला जेसीबी येणार आहे. घरांना हात लावणार नाहीत, तो साहेबांशी बोलला आहे. पण बोडीच्या पाळीवरून मशीन जाणार, आणि आमची मातामाय, टोल्याची देवी, बरोबर तिथेच, मोहाच्या झाडाखाली.

"जेसीबीले देव न् दगड समजते का वं?" दादा म्हणाला. "एक पंजा पडला तं तुकडे होतीन. चार दिवस माह्या वावरात आनून बसवा. मी ट्रॅक्टर पाठवतो. काम झालं का वापस."

मामाजी खाटेवरून म्हणाले, "तिले बसू दे आपल्या जाग्यावर. जे तिचं होईन ते आपलं होईन."

"मामाजी, तुकडे झाले तं पाप कोनाले लागन?"

दादाने विचारलं, आणि मामाजी खाटेवर आडवे झाले. तुलाराम काही बोलले नाहीत. आमचे हे असेच, बोलायच्या वेळी तोंडात तंबाखू. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "तुह्या भावाले आपल्या देवीची लय चिंता." मी म्हटलं, मग काय वाईट आहे? ते ताट घेऊन उठले. माहेरच्या माणसाचं चांगलं केलेलं कोणत्या नवऱ्याला पाहवतं!

९ एप्रिल

आज मातामायला हलवलं. खाटेवरचे मामाजी सोडले तर टोल्यातलं एकही माणूस घरी राहिलं नाही.

मातामायला मुक्याने हलवत नाहीत. न वाजवता उचललं तर ती रुसते, आणि ती रुसली तर गावात पोरांच्या अंगावर देवी निघतात, गुरं मरतात. म्हणून डफ आला, झांजा आल्या. बायांनी ठेवणीतली लुगडी काढली. टोल्यातल्या निर्मलाबाईने गाणी धरली. आजी झाली तरी तिचा आवाज अजून खणखणीत आहे. मी कुंकवाचं ताट घेऊन पुढे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तांदूळ पसरून त्यावर देवीला बसवलं. पोरं नाचली, नंतर बायाही नाचल्या. मी पण नाचले, मामाजींसमोर! त्यांनी तोंड दुसरीकडे केलं आणि खाटेच्या माच्यावर बोटांनी ताल धरला.

दादा पूर्ण वेळ ट्रॅक्टरपुढे उलटा चालत मोबाइलमध्ये फोटो काढत होता. "हासा ना वं, फोटो चांगला आला पायजे," म्हणत होता. बोडीपासून त्याच्या वावरापर्यंत सगळं काढलं त्याने. मी म्हटलं, मलाही धुवून आण एक फोटो. म्हणाला, आणतो.

त्याच्या वावरात निंबाखाली देवीला बसवलं. आईने दारात येऊन सगळ्यांना गूळपाणी दिलं. मला जवळ घेऊन उगाच रडली. म्हातारपणी माणूस हळवं होतं.

१२ एप्रिल

काल दादाचा निरोप आला की आईला ताप आहे, टीनाला घेऊन लगेच ये. माझ्या लेकीची, टीनाची, शाळा सकाळची, तरी घेऊन गेले. जाऊन पाहते तर आई अंगणात शेवया वळत बसलेली! म्हटलं, ताप कुठे गेला? म्हणाली, "सकाळी होता वं." मी हसले. आईचं हे जुनंच आहे, लेकीला बघायची इच्छा झाली की ताप येतो.

आज निघते म्हटलं तर सोडायला तयार नाही. "आजचा दिवस राह्य. तुह्या सासऱ्यालेही आनती तं बरं होतं." मामाजींची तिला एवढी आठवण कधीपासून, असं मी चिडवलं. तिने शेवयांवरून नजर उचलली नाही. आता टीना तिच्या मांडीवर झोपली आहे. संध्याकाळी निघेन.

१३ एप्रिल

मोहटोला नाही.

काल दुपारी आले. जंगलवाले, पोलीस, जेसीबी. हातात कसलाही आदेश नव्हता. तुलाराम विचारत राहिले की आमचा दावा समितीत आहे, निकाल लागला का? कोणी उत्तर दिलं नाही. आधी छपराची कवेलू पाडली, मग भिंती. निर्मलाबाईच्या घरात चुलीवर भात होता. मामाजी खाटेवरून उठेनात, तर दोघांनी त्यांना खाटेसकट उचललं, आणि बाहेर आणताना खाट उलटली. मामाजींनी हात वर केला तेव्हा कोणाची तरी काठी बसली. कंबरेचं हाड गेलं आहे. भंडाऱ्याच्या दवाखान्यात आहेत.

आणि मी माहेरी शेवया खात होते.

दादानेच मोटारसायकलवर दवाखान्यात आणलं. रस्ताभर म्हणत होता, "मले साहेबानं फसवलं वं. घराले हात लावनार नाही म्हनला होता." त्याचा आवाज कापत होता. बिचाऱ्याचा पार विश्वासघात झाला.

२१ एप्रिल

सगळा टोला गावातल्या शाळेच्या मागे, मोकळ्या जागेत ताडपत्रीखाली आहे. ऊन असं आहे की ताडपत्रीचा वास डोक्यात जातो. दादाने त्याचं कोठार रिकामं करून दिलं, म्हणाला, तुम्ही तिघं आणि मामाजी तिथे राहा. तुलाराम नाही म्हणाले. मी खूप भांडले. म्हाताऱ्या माणसाचे हाल करून कसला ताठा? ते म्हणाले, "टोला जिथं, आपन तिथं." मग मीही बोलले नाही, पण राग गेलेला नाही.

दादाचं म्हणणं आहे, कोर्टकचेरीत पडू नका. सरकारशी भांडून कोणाचं भलं झालं? तो साहेबांशी बोलून प्रत्येक घराला कुठेतरी घरकुल मिळवून देतो. मला पटतं. मामाजींना नाही पटत. दवाखान्यातून आणल्यापासून ते पाठीवर पडून आहेत आणि एकच बोलतात: "मले बोडीवर न्या."

६ मे

आमच्या बांध्यांत खड्डे खोदून झाले. रोपं आणून टाकायचं काम दादाच्या ट्रॅक्टरला मिळालं आहे. मी स्वतः पाहिलं, आमच्या शेताच्या धुऱ्यावरून त्याचा ट्रॅक्टर जात होता. संध्याकाळी त्याला विचारलं.

"मी नाही केलं तं दुसरा करन," तो म्हणाला. "मी हावो म्हनून तुमचे धुरे तरी शाबूत ठेवले. दुसऱ्यानं सपाट केलं असतं."

खरं आहे ते. धुरे खरंच शाबूत आहेत. मी तुलारामांना हे सांगितलं, तर ते मामाजींना पाणी पाजायला उठून गेले. त्यांना दादाचं कौतुक कधी करताच येत नाही.

१९ मे

भंडाऱ्याहून शोभाताई आल्या. वकील आहेत, पण ताडपत्रीखाली फतकल मारून बसल्या आणि कोरा चहा प्याल्या. निर्मलाबाईच्या जावयाने कुठूनतरी त्यांचा पत्ता काढला. मी दादाला न सांगता बैठक बोलावली, म्हणून थोडं अपराधी वाटत होतं.

त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं. दाव्याची पडताळणी पूर्ण होऊन निकाल लागेपर्यंत कोणालाही वनजमिनीवरून उठवता येत नाही. कायद्यातच तसं लिहिलं आहे. जमीन झुडपी की राखीव, हा वाद नंतरचा. आधी प्रश्न हा की निकालाआधी उठवलं का? उठवलं असेल तर ते बेकायदा. उपाय काय? ग्रामसभेचा ठराव करायचा, तालुक्याच्या समितीकडे ताबा परत मागायचा. तिथे नाही झालं तर जिल्हा समितीकडे अपील. तिथेही नाही तर नागपूरला हायकोर्ट.

"पावसाळ्याआधी होईन का जी?" तुलारामांनी विचारलं. टोल्यातल्या सगळ्यांना हाच एक प्रश्न. रोवणी चुकली की वर्ष गेलं.

"प्रयत्न करू," शोभाताई म्हणाल्या. खोटा धीर देत नाहीत, हे मला आवडलं. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही कधी स्वतःहून निघून जातो, असं कोणाला म्हटलंय का?"

आम्ही सगळे हसलो. कोण स्वतःहून जाईल?

२ जून

ग्रामसभेत ठराव एकमताने झाला. लिहिताना अक्षर चांगलं आलं. दादा सभेला होता. हात त्यानेही वर केला.

२७ जून

आज तालुक्याच्या समितीपुढे सुनावणी होती. काय लिहू?

आमचं म्हणणं शोभाताईंनी मांडलं. मग समोरच्यांनी म्हटलं की कोणाला हाकललंच नाही. लोक आधीच गाव सोडून गेले होते, रिकामी घरं पाडली. पुरावा काय, तर फोटो. मोठे करून आणलेले, रंगीत. मातामाय ट्रॉलीत, डफ वाजतोय, बाया नाचताहेत. सर्वात पुढे मी, कुंकवाचं ताट हातात, तोंडभर हसू.

"गाव कायमचं सोडतानाच देव हलवतात, अशी इकडची रीत आहे ना?" एका साहेबांनी विचारलं. "जबरदस्तीने उठवलेली माणसं नाचतात का?"

मी सांगायला उठले की आमच्यात मुक्याने देवी हलवत नाहीत. पण सांगताना मलाच ते खोटं वाटायला लागलं, इतकी मी त्या फोटोत खूश होते.

मग त्यांनी जबाब वाचला. बाबूलाल, राहणार नाकाडोंगरी. "माझी बहीण करुणा ही वनहक्क समितीची सचिव आहे. तिनेच मला सांगितले की आम्ही सर्व जण टोला सोडत आहोत, देवी नेण्यासाठी ट्रॅक्टर दे. सबब मी दिला."

अर्ज फेटाळला. लोकांनी राजीखुशीने जागा सोडली, असं लिहिलं.

परत येताना जीपमध्ये मी मागे, टोकाला बसले. मी विचार करत होते, दादाला कोणीतरी दमदाटी केली असणार. नाहीतर त्याच्या तोंडून असं येणारच नाही. हात धरून अंगठा घेतला असेल. पण दादा तर सही करतो.

२८ जून

सकाळी नळावर निर्मलाबाई सगळ्यांसमोर बोलली. "तुह्या भावाच्या ट्रॅक्टरनं देवी गेली. तुह्या भावाच्या ट्रॅक्टरनं झाडं आली. अना आमच्या घरावर मशीन फिरली त्या दिवशी तू कोठी होती?"

"आईले ताप होता," मी म्हटलं.

"होता का?"

घागर भरली नाही, तशीच परत आले. मी टोला विकला असं त्यांना वाटतं. त्यांच्या जागी मी असते तर मलाही वाटलं असतं, आणि मी निर्मलाबाईपेक्षा जास्त बोलले असते.

तुलारामांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? म्हणाले, "तू टोला इकला नाही. तुले इकलं."

मग मी त्यांच्यावरच ओरडले, एवढं समजत होतं तर आधी का नाही बोललात? ते म्हणाले, "तुह्या भावावर तू मह्यापेक्षा जास्त भरोसा करत होती. मी बोललो असतो तं तू मले सोडलं असतं, त्याले नाही." खोटं नाही ते. म्हणूनच जास्त लागलं.

३० जून

नाकाडोंगरीला गेले. दादा घरी नव्हता, किंवा होता आणि बाहेर आला नाही. मोटारसायकल अंगणातच होती. आई एकटी समोर आली. मी सरळ विचारलं, त्या दिवशी ताप होता का?

आई म्हणाली, "जेवून जा."

"आई, ताप होता का?"

"तुह्यासाठी पातोड्या केल्या हायेत."

मी न जेवता निघाले. आई माझ्या मागे फाटकापर्यंत आली. वाटेत निंबाखाली मातामाय दिसली. शेंदूर वाळून तडकला आहे. दादाच्या घरात कोणी तिला पाणीही घालत नाही.

आईला काही माहीत नसणार. दादाने सांगितलं, बहिणीला बोलावून घे, आणि तिने बोलावलं. एवढंच असेल.

२२ जुलै

आज आखाडी, आषाढाची पुनव. दरवर्षी आज मातामायला धानाचे परे, म्हणजे रोपं, दाखवतो आणि मगच रोवणी धरतो. यंदा देवी नाही, परे नाहीत, रोवणी नाही. टोल्यातल्या बाया दुसऱ्यांच्या बांधीत मजुरीने रोवायला गेल्या. मला निर्मलाबाईने हाक मारली नाही, पण मी गेले आणि तिच्या शेजारच्या ओळीत रोवलं. दिवसभर दोघी वाकून होतो. ती गाणं म्हणेल असं वाटलं होतं. तिने म्हटलं नाही.

शोभाताईंनी जिल्हा समितीकडे अपील टाकलं आहे.

२१ ऑगस्ट

आज राखी. मी कुठे गेले नाही. टीनाने विचारलं, मामाकडे नाही जाचं? तिला दटावलं आणि नंतर जवळ घेतलं.

११ सप्टेंबर

उद्या भंडाऱ्याला सुनावणी. शोभाताई आज मुद्दाम आल्या. म्हणाल्या, "दोन वाटा आहेत. एक म्हणजे मी फक्त कायद्यावर बोलेन. दावा प्रलंबित होता, ग्रामसभेची संमती नव्हती, म्हणून हटवणं बेकायदा. तुम्हाला बोलायची गरज नाही. दुसरी म्हणजे तुम्ही सांगायचं, देवी हलवायला कोणी सांगितलं आणि काय म्हणून सांगितलं. मग भाऊ समोर असेल, आणि ते कायमचं नोंदलं जाईल. जबरदस्ती नाही. विचार करा."

मामाजी ऐकत होते. आता त्यांचा आवाज बारीक झाला आहे. म्हणाले, "करुणा, माहेर तोडू नोको मह्या बोडीसाठी. बाईमानसाले माहेर लागते." ज्याचं हाड मोडलं तोच माझ्या माहेराची काळजी करतो, हे पाहून मला रडू आवरलं नाही.

१२ सप्टेंबर

मी बोलले.

मोठं दालन, लांब टेबल, वर पंखे. दादा पांढऱ्या सदऱ्यात होता. आणि त्याच्या शेजारी आई. आईला कशाला आणलं, मला कळेना. वाटलं, तिला दादाने भेटायला आणलं असेल, मिटवायला. मी तिच्याकडे पाहून मान हलवली सुद्धा.

मला विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. जेसीबी येणार हे कोणी सांगितलं, देवीचे तुकडे होतील हे कोणी सांगितलं, चार दिवसांनी परत, हे कोणी सांगितलं. नाव विचारलं. "बाबूलाल," मी म्हटलं. "माझा सख्खा भाऊ." दादा बूट पाहत होता.

मग दादाच्या बाजूने आईला उभं केलं. साहेबांनी अदबीने विचारलं, "आजी, ट्रॅक्टर मुलीने मागितला होता का?"

आई माझ्याकडे न पाहता म्हणाली, "हो जी. लेकीनंच मांगला. टोला सोडून राह्यलो म्हने."

घोकलेलं होतं. आई इतकं एका दमात कधी बोलत नाही. मला तिथेच कळलं की तिला सगळं माहीत होतं. तारीख माहीत होती, मशीन माहीत होती, घरं पडणार हे माहीत होतं. शेवया वळताना माहीत होतं. कुंपणच शेत खातं असं लोक म्हणतात, पण माझ्या बाबतीत तर जमिनीनेच बी खाल्लं.

नंतर शोभाताई बोलल्या, खूप वेळ. मला काही ऐकू आलं नाही. बाहेर आलो तेव्हा निर्मलाबाईने तिच्या डब्यातली अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "खा."

२५ ऑक्टोबर

निकाल आला. शोभाताईंनी फोनवर वाचून दाखवला, मी मामाजींच्या कानाला फोन लावला. दावे प्रलंबित असताना हटवणं कायद्याच्या विरुद्ध. ताबा परत द्यावा. पडताळणी नव्याने पूर्ण करावी, तोपर्यंत कोणी हात लावू नये. जमीन अजून आमची झाली नाही, पण आमच्याकडे परत आली.

टोल्यात कोणी हसलं, कोणी रडलं. तुलाराम पळत जाऊन पेढे घेऊन आले, आणि तंबाखू विसरले.

मी शोभाताईंना विचारलं, माझ्या बोलण्याचा उपयोग झाला का? त्या म्हणाल्या, "खरं सांगू? निकाल कायद्याच्या मुद्द्यावरच दिलाय. लोक नाचत गेले तरी ग्रामसभेच्या संमतीशिवाय ती राजीखुशी धरता येत नाही, असं लिहिलंय. भावाचं नाव त्यात कुठेच नाही."

म्हणजे मी गप्प बसले असते तरी टोला परत मिळाला असता, आणि वरवरचं का होईना, माहेरही राहिलं असतं. पण मग आईला कोणी उभं केलंच नसतं, आणि मी जन्मभर तिच्या हातच्या शेवया खात राहिले असते. नको. पश्चात्ताप नाही होत मला. वाईट मात्र फार वाटतं.

१० नोव्हेंबर

आज मातामायला परत आणायला गेलो. धानाचा हंगाम तर गेलाच. पण बोडीत पाणी आहे, बांधीत ओल आहे, सागाच्या रोपांमधून लाखोरीचं कडधान्य तरी टाकू. देवी आल्याशिवाय बी टाकायचं नाही, असं सगळ्यांनी ठरवलं.

या वेळी ट्रॅक्टर नाही. पुरुषांनी डोक्यावरून आणायचं ठरलं. डफ, झांजा, गाणी, सगळं तसंच. मामाजींना खाटेवर उचलून थेट बोडीवर नेऊन ठेवलं, ते तिथे वाट पाहत होते. मला वाटलं होतं, दादा वावरात येऊ देणार नाही. पण तो घराबाहेरच आला नाही. फाटक उघडंच होतं. निर्मलाबाईने देवीला पाणी घातलं, तडकलेला शेंदूर काढून नवा लावला. तुलारामांनी खाली वाकून देवीला उचललं.

आम्ही निघालो तशी आई घरातून आली. हातात सूप होतं, सुपात तांदूळ, नारळ, हळकुंड, खण. लेक माहेरून निघते तेव्हा तिची ओटी भरतात, तशी भरायला आली होती. गाणं थांबलं. सगळ्या बाया पाहायला लागल्या.

"पदर घे," आई म्हणाली.

मी उभी राहिले. आई किती वाळली आहे, हे मला तेव्हा दिसलं.

"घे ना वं. मी आई हावो तुही. मी तं त्या दिवशी तुले घरी बलावून घेतलं. लेकराले बलावून घेतलं. तुह्यावर काठी पडू देली नाही."

तिला अजूनही असं वाटतं की तिने मला वाचवलं. तिच्या डोळ्यांत खरंच तेच होतं, खोटं नव्हतं. याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

"मामाजीवर पडली ते," मी म्हटलं.

"ते तुह्यं सासर हाये, पोरी. मी तं तुह्यी आई."

कोणतीही सासुरवाशीण माहेरची ओटी नाकारत नाही. भांडण झालं, वाटण्या झाल्या, कोर्टात गेल्या, तरी ओटी घेतात. माझ्या आजीने घेतली, आईने घेतली. माझे हात पदराकडे गेलेसुद्धा. मग मी पदर ओढून कमरेला घट्ट खोचला.

आई सूप तसंच पुढे धरून उभी राहिली. मुक्याने देवी हलवत नाहीत, म्हणून निर्मलाबाईने माझ्याकडे पाहिलं. माझा आवाज भसाडा आहे, मी कधी गाणं धरत नाही. आज मी धरलं, आणि देवीच्या मागून टोल्याकडे चालू लागले.